वेळ काढणारा माणूस

रहस्यपट म्हटला की खून, खुनी आणि त्याच्या मागावरचा पोलीस ही त्रयी आपण गृहीत धरतो. हेन्री हॅथवे यांच्या 'फोर्टीन अवर्स' (१९५१) या चित्रपटात यांतले पहिले दोन घटक नाहीत. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या उंच मजल्यावर, खिडकीबाहेरच्या अरुंद छज्ज्यावर एक तरुण उभा आहे आणि खिडकीत एक वाहतूक शिपाई आहे. तरुण उडी मारणार की आत येणार, एवढाच प्रश्न. तो दीड तास आपल्याला जागेवरून हलू देत नाही.

परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना हा चित्रपट पुन:पुन्हा पाहावासा का वाटतो, याचा विचार करताना काही गोष्टी ध्यानात आल्या. त्या चित्रपटापुरत्या मर्यादित नाहीत, म्हणून येथे मांडत आहोत.

या चित्रपटातील शिपाई चार्ली डनिगन (पॉल डग्लस) हा कोणत्याही अर्थाने तज्ज्ञ नाही. तो रस्त्यावर गाड्यांना हात दाखवणारा माणूस. छज्ज्यावरचा तरुण त्याला दिसतो आणि तो वर धावतो, एवढीच त्याची पात्रता. पुढे वरिष्ठ येतात, मनोविकारतज्ज्ञ येतात, आणि 'आता तू जा, आपली ड्यूटी कर' असे म्हणून डनिगनला पुन्हा चौकात पाठवले जाते. पण रॉबर्ट (रिचर्ड बेसहार्ट) दुसऱ्या कोणाशी बोलायलाच तयार होत नाही. जाणकारांचा नाइलाज होतो आणि डनिगनला परत बोलवावे लागते. तो रॉबर्टशी काय बोलतो? जीवन अमूल्य आहे, असे नव्हे. तो आपल्या घरचे बोलतो, साधेसुधे बोलतो, मध्येच चुकतो, घाम पुसतो आणि पुन्हा बोलू लागतो. डनिगनचे एकही वाक्य सुभाषित म्हणून उतरवून घ्यावे असे नाही. तरीही चित्रपटातील सारी उत्कंठा या संवादात आहे. एकाने बोलत राहावे आणि दुसऱ्याने अजून ऐकत असावे, यापलीकडे पडद्यावर फारसे काही घडत नाही.

मराठीत 'वेळ काढणे' हा शब्दप्रयोग आपण बहुधा नकारार्थी वापरतो. 'वेळकाढूपणा' हा तर सरकारी कारभाराला चिकटलेला शब्द. डनिगन मात्र खऱ्या अर्थाने वेळ काढतो. मरण टाळण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही हे त्याला कळते. पण पुढची पाच मिनिटे टाळता येतील हेही कळते. मग आणखी पाच. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे आपल्याकडे म्हणतात, तेव्हा वेळ न येण्याचे श्रेय आपण दैवाला देतो. या चित्रपटात ती वेळ कोणीतरी हाताने धरून मागे ढकलली आहे, चौदा तास.

चित्रपटामागे एक खरी घटना आहे. २६ जुलै १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या गॉथम हॉटेलच्या सतराव्या मजल्यावरील छज्ज्यावर एक तरुण सुमारे अकरा तास उभा होता. चार्ल्स ग्लॅस्को नावाचा वाहतूक पोलीस हॉटेलच्या नोकराचा वेष करून त्याच्याशी बोलत राहिला. तो तरुण वाचला नाही. पुढे जोएल सेअर यांनी या घटनेवर 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिले आणि त्यातून हा चित्रपट आला. चित्रपट प्रदर्शनाच्या वाटेवर असतानाच स्टुडिओचे अध्यक्ष स्पायरॉस स्कूरास यांच्या मुलीने आयुष्य संपवले. प्रदर्शन लांबले, आणि अखेर पडद्यावर आला तो रॉबर्ट वाचतो तो शेवट.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे प्रश्न पडतो. वस्तुस्थितीत माणूस गेला, चित्रपटात वाचला; मग हा शेवट खोटा नव्हे का? आमच्यातील एकाचे मत बरीच वर्षे असेच होते. शोकान्त तो सच्चा आणि सुखान्त तो तडजोडीचा, हे समीकरण एम.ए.च्या वर्गात आमच्या अंगी इतके मुरले होते की त्याला प्रश्न विचारावा असे कधी वाटले नाही. हे समीकरण विद्यार्थ्यांमुळे हलले. महाविद्यालयात हा चित्रपट दाखवून झाल्यावर आम्ही दोन्ही शेवटांविषयी बोललो आणि कोणता शेवट अधिक 'वास्तव' वाटतो असे विचारले. मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मरतेत ते आमाला माहीतच हाय. वाचतेत कसे ते कुठं दावतेत?"

त्या मुलीच्या घरी काय घडले होते ते आम्हांला ठाऊक होते. वर्गातील बहुतेकांना ठाऊक होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत शेतीशी निगडित आत्महत्यांच्या यादीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे सर्वांत वर आहे, आणि मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात त्या यादीतील घरांची मुले बाकावर बसलेली असतात. त्यांच्यासाठी मृत्यू हे कलेने उघड करावयाचे सत्य नाही. ते त्यांना घरबसल्या कळलेले आहे. त्यांना न कळलेली गोष्ट म्हणजे ती वेळ टळू शकते. तेव्हा वाचण्याचा शेवट हा या प्रेक्षकासाठी गोड खोटेपणा ठरत नाही, ती नवी माहिती ठरते. त्या दिवशी आम्ही आमचे समीकरण मागे घेतले.

चित्रपटात डनिगनइतकेच महत्त्वाचे आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे खालची गर्दी. टॅक्सीवाले तो कधी उडी मारील यावर पैजा लावतात. कोणी कंटाळतो, कोणी अस्वस्थ होतो. गर्दीत एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांना भेटतात. समोरच्या इमारतीत घटस्फोटाच्या बोलण्यासाठी आलेली एक स्त्री हे दृश्य पाहून आपला विचार बदलते. ही ग्रेस केलीची पडद्यावरची पहिली भूमिका. हॅथवे गर्दीला सरसकट दोषी ठरवत नाहीत. तीच गर्दी निर्दय आहे आणि तीच हेलावते. पण वर उभ्या माणसाला वरून ती कशी दिसते, हे ते विसरू देत नाहीत.

आपल्याकडे या गर्दीला निराळा चित्रपट पाठ आहे. 'शोले' (१९७५) मधील वीरू पाण्याच्या टाकीवर चढतो, गाव खाली जमते, आणि लग्नाला होकार मिळताच तो खाली येतो. प्रसंग विनोदी आहे आणि त्या चित्रपटात तो शोभतोही. पण पुढे मराठी वृत्तपत्रांनी त्यापासून 'शोले स्टाईल आंदोलन' असा शब्द घडवला आणि तो रुळला. मराठवाड्यात त्याचा क्रमही ठरून गेला आहे. आधी निवेदन, मग स्मरणपत्र, मग आत्मदहनाचा किंवा जलसमाधीचा इशारा, मग टाकी किंवा मोबाईलचा टॉवर, खाली तहसीलदार आणि पोलीस, शेवटी लेखी आश्वासन. दुसऱ्या दिवशी बातमीत 'नाट्य', 'थरार' आणि 'अखेर पडदा पडला' हे शब्द हमखास असतात. भारतीय पत्रकार परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्या सनसनाटी करू नयेत म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. पण आमच्या भाषेतील ही तयार शब्दकळा त्या सूचनांहून जुनी आणि चिवट आहे. जिवावर उदार झालेल्या माणसाचे वर्णन करायला आपल्याजवळ नाटकाचीच परिभाषा असावी, याचे भाषेच्या शिक्षकांना तरी काही वाटायला हवे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका गावी असाच एक प्रसंग आम्ही प्रत्यक्ष पाहिला. पन्नाशीचा एक शेतकरी शेतरस्त्याच्या वादापायी टाकीवर चढला होता. खाली तीनेकशे माणसे जमली होती. आम्हीही मोटारसायकल लावून उभे राहिलो, आणि सांगायला लाज वाटते, आमच्यापैकी एकाने खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला. कोणीतरी खालून वीरूचा संवाद म्हटला, लोक हसले. साहेब मंडळी कर्ण्यावरून 'आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल' असे वाचून दाखवावे तसे बोलत होती. वरून उत्तर नव्हते.

मग निवृत्तीला आलेला एक हवालदार शिडीने अर्ध्यापर्यंत चढला आणि तिथेच बसला. वर गेला नाही, खालीही आला नाही. बराच वेळ काही बोललाही नाही. मग त्याने विचारले, "आबा, सांच्याला म्हशीची धार कोन काढनारंय?"

वरून पहिल्यांदा आवाज आला, "सून काढती."

"तिला देती का म्हैस दूध?"

"न्हाई देत. मलाच देती."

पुढे तासभर त्या दोघांचे काय बोलणे झाले ते आम्हांला ऐकू आले नाही. दिवे लागणीच्या सुमारास ते दोघे खाली आले, हवालदार पुढे आणि शेतकरी मागे. लेखी आश्वासनाचा कागद तोपर्यंत टंकलेखनातच अडकला होता.

डनिगनचे नावही त्या हवालदाराने ऐकलेले नसणार. पण संवादाची रीत तीच. कर्ण्यावरची भाषा 'आपली मागणी' या शब्दांपाशी थांबली होती. हवालदाराने त्या माणसाला 'आबा' म्हटले आणि त्याच्या गैरहजेरीत काय अडेल ते विचारले. तू महत्त्वाचा आहेस, हे वाक्य त्याने उच्चारले नाही. ते म्हशीकडून वदवून घेतले.

गोष्ट येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्या शेतकऱ्यावर पुढे गुन्हा दाखल झाला. यात बेकायदा काही नव्हते. आणि आमचा खरा मुद्दा येथूनच सुरू होतो.

आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता. या कलमाविरुद्धच्या महत्त्वाच्या निकालांतील एक निकाल आपल्या राज्यातला आहे, आणि त्याचा नायक, योगायोग पाहा, पोलीसच आहे. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई अपघातानंतर मानसिक आजाराने ग्रासला होता. भाजीच्या गाळ्याच्या परवानगीसाठी तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाकडे गेला, भेट मिळाली नाही, आणि त्याने तेथेच स्वत:ला संपवण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ मध्ये 'मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच दिशा धरली, पण १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात घटनापीठाने ती उलटवली आणि कलम पुन्हा उभे राहिले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने असे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा होऊ नये, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम ३०९ गेले.

मात्र त्याच संहितेत कलम २२६ आले. लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्याच्या किंवा त्यापासून रोखण्याच्या हेतूने आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. म्हणजे घरात एकटा मरू पाहणारा माणूस आता गुन्हेगार नाही, पण कार्यालयासमोर मरू पाहणारा आहे. मुंबईचा तो शिपाई आज असता तर त्याच्याविरुद्ध हे कलम लावता आले असते.

शासनाची बाजू आम्ही डावलत नाही. टाकीवर चढणाऱ्यांत केवळ दबाव आणणारेही असतात. त्यांच्यापायी शिडीवर चढणाऱ्या शिपायाचा जीव धोक्यात येतो. जिवाची धमकी देणाऱ्याचे काम आधी होऊ लागले, तर मुकाट्याने रांगेत उभा असलेला माणूस मूर्ख ठरतो. हे सारे खरे. पण हे कलम माणसाच्या मनात दोन स्वच्छ कप्पे आहेत असे समजते. एकात दु:ख आणि दुसऱ्यात हेतू. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या कोणालाही हे पटणे अवघड आहे. ज्याला खरोखर मरायचे आहे त्यालाही काहीतरी हवे असते, आणि जो मागणी घेऊन चढला आहे त्याचाही पाय वर गेल्यावर घसरू शकतो, मनही घसरू शकते. रॉबर्टला नक्की काय हवे आहे, हे त्याला स्वत:लाच चौदा तास कळत नाही. आई, वडील, वाग्दत्त वधू एकेक करून खिडकीत येतात आणि प्रत्येकापुढे तो निराळा भासतो. आपला कायदा मात्र टाकीवरच्या प्रत्येकाला वीरू समजूनच वाचतो.

मंत्रालयाची जाळी हे या वाचनाचे दृश्य रूप आहे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात मंत्रालयाच्या इमारतीतून उडी घेऊन आणखी एक मृत्यू झाला. त्यानंतर इमारतीच्या मधल्या मोकळ्या जागेवर संरक्षक जाळी बसवण्यात आली. नंतर ती जाळीच आंदोलनाची जागा झाली. २०२३ मध्ये प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांनी तिच्यावर उड्या घेतल्या आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीही.

जाळीला हसण्याचे कारण नाही. 'फोर्टीन अवर्स'च्या अखेरीसही जाळीच आहे. रॉबर्ट आत यायला तयार होतो, आणि नेमक्या त्या क्षणी खाली एका मुलाच्या हातून चुकून प्रकाशझोत पेटतो. डोळे दिपून रॉबर्टचा तोल जातो, आणि पोलिसांनी दरम्यान बांधलेली जाळी त्याच्या हाती लागते. म्हणजे नुसत्या शब्दांवर सारे सोपवण्याइतका हा चित्रपट भाबडा नाही. पण जाळी हाती धरण्याची इच्छा शब्दांनी आधी जागी केलेली आहे. मंत्रालयात जाळी बसली; शिडीच्या अर्ध्यावर बसणारा माणूस नेमला गेला की नाही, हा प्रश्न तिच्याखालून रोज जाणाऱ्यांनी स्वत:ला विचारावा.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या भागातील बहुतेक मरणे छज्ज्यावर किंवा टाकीवर घडत नाहीत. ती शेतात, गोठ्यात, कोणी पाहत नसताना घडतात. तेथे गर्दी नसते आणि शिपाई येतो तो पंचनाम्याला. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाचे मोठेपण हेच की त्याने त्या निमूट प्रदेशात उत्कंठा शोधली. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात धास्ती बसते की आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) तसेच करील. ती मुलाला त्याच्या मागे पाठवते, त्याला गोडधोड करून घालते, त्याच्या हालचालींवर डोळा ठेवते. चारचौघांत हसू यावे असे हे सारे प्रकार आहेत, आणि पाहताना हसू येतेही. पण डनिगन खिडकीत जे करतो तेच ती चुलीपाशी करते आहे. तीही वेळ काढते आहे. तिला वर्दी नाही, बदली मिळणार नाही आणि तिची ड्यूटी चौदा तासांनी संपणार नाही.

अशा मृत्यूनंतर घरी चौकशी येते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. पात्र ठरले तर मदत मिळते. साहित्याच्या वर्गात आम्ही 'पात्र' हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारतो. कथेतील पात्र व्हायला माणसाला कोणतीही अट पुरी करावी लागत नाही. तो बोलला, आणि कोणी ऐकला, की झाले. आम्हांला वाटते, माणूस गेल्यानंतर त्याची पात्रता तपासणाऱ्या व्यवस्थेला तो हयात असताना ऐकणारे कोणी देता आले तर कलम २२६ ची गरज बरीच कमी होईल. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. तो आम्ही वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, आणि तो भाग पुसायचा नाही असे ठरले आहे.

त्याचबरोबर आणखी एक सवय लावून घेतली आहे. पूर्वी हजेरी घेताना उत्तर आले नाही की आम्ही 'गैरहजर' लिहून पुढे जात असू. आता दोन दिवस उत्तर आले नाही तर फोन करतो. अभ्यासाविषयी विचारत नाही. कापूस वेचून झाला का, म्हैस व्याली का, असे काहीतरी विचारतो. ही रीत आम्ही न्यूयॉर्कच्या डनिगनकडून शिकलो असे म्हणायला आवडले असते. पण ती आम्ही शिडीवर बसलेल्या त्या हवालदाराकडून शिकलो. त्या दिवशी त्याचा फोटो मात्र कोणी काढला नव्हता, आम्हीही नाही.